गव्हर्नराची धर्मकन्या

माझ्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आमच्या घरात जे भांडण झालं, त्यात मी एकटीच गप्प होते. माझं वय अठरा दिवस होतं, आणि मत विचारायची पद्धत आमच्या घराण्यात मोठ्यांच्या बाबतीतसुद्धा नव्हती. त्यामुळे इथे सांगते ते सगळं ऐकीव आहे. ज्याने त्याने मला ते आपली बाजू बरोबर दिसेल अशा बेताने सांगितलं. सगळ्यांच्या बाजू एकत्र ठेवल्या तर त्या दिवशी आमच्या घरात एकही चुकलेला माणूस नव्हता. तरीही तो दिवस जवळजवळ हातचा गेलाच होता.

भांडण गव्हर्नरवरून होतं. आम्हा मोंद्रागोनांच्या घरात दुसऱ्या कशावरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

सांता फेच्या चौकात तो लांबलचक मातीचा राजवाडा आहे. तिथे आधी स्पेनच्या राजाने पाठवलेले गव्हर्नर राहिले, मग मेक्सिकोने पाठवलेले, मग वॉशिंग्टनने पाठवलेले. पाठवणारे बदलले, झेंडे बदलले, आमचा कुळाचार बदलला नाही. नवा गव्हर्नर आला की घरातल्या नव्या मुलाचा त्याला धर्मपिता करायचं. धर्मपिता झाला की तो घरच्यांचा कोंपाद्रे होतो, म्हणजे भावाहून जवळचा. मग जमिनीची तक्रार असो की मेंढ्यांच्या कुरणाची, आपला भाऊच खुर्चीत बसलेला. बेत चोख होता. अडचण एवढीच, की गव्हर्नर टिकत नसे. आमचं मूल हातात घेतलं की वर्षाच्या आत त्याची उचलबांगडी व्हायची. गावातले लोक गव्हर्नरला कंटाळले की आमच्या घरात कुणाला दिवस गेलेत का याची चौकशी करत.

अमेरिकन आले तेव्हा तर पंचाईतच झाली. त्यांचे गव्हर्नर प्रोटेस्टंट. त्यांना फादर बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ उभं करीनात. तेव्हा आजोबांनी, म्हणजे डॉन एलेउतेरियोंनी, तोडगा काढला. माणूस नाही तर नाही, नाव तरी घेऊ. म्हणून माझ्या मधल्या काकांचं नाव त्या वेळच्या व्हिटकोम नावाच्या गव्हर्नरावरून ठेवलं. व्हिटकोम नावाचा संत नाही, असं म्हणून फादरांनी पुढे होसे जोडलं. अकराव्या दिवशी व्हिटकोमसाहेबांना परत बोलावणं आलं. साहेब गेले आणि काका जन्मभर होसे व्हिटकोम मोंद्रागोन होऊन बसले. गावाने त्यांचं उइत्को केलं. उइत्को काकांनी लग्न केलं नाही. असलं नाव पुढे चालवण्यात अर्थ नाही, असं ते विचारणाऱ्याला सांगत.

आणि मग, आजोबांनी चाळीसेक वर्षं वाट पाहिल्यावर, वॉशिंग्टनने चुकून एक कॅथलिक गव्हर्नर पाठवला. आजोबा त्याला तीनदा भेटले. त्याने होकाराचं पत्र दिलं. माझ्या आईला सातवा महिना होता. मी जन्मले आणि मुलगी झाली असं कळलं, तेव्हा आजोबा थोडा वेळ ते पत्र हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "मुलगीही चालेल. पत्रात मुलगाच हवा असं लिहिलेलं नाही."

आई तेव्हा बाळंतपणाच्या चाळीस दिवसांत होती. आमच्याकडे या दिवसांत बाईने खोलीबाहेर यायचं नसतं. बाप्तिस्म्यालाही आई जात नाही. धर्मपिता बाळाला घरातून घेऊन जातो, चर्चमधून परत आणतो आणि दारात आईच्या हातात देतो. म्हणजे मूल कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवायला आईकडे बाळ खोलीबाहेर जाईपर्यंतचाच वेळ असतो.

माझ्या आईला तो वेळ हवा होता, कारण तिला खोकला होता. पिन्योनच्या लाकडाचा धूर बाधतो, असं घरात सगळे म्हणत. पण उन्हाळ्यात शेकोटी नसतानाही ती खोकत होती, आणि तिच्या दोन बहिणी याच खोकल्याने गेल्या होत्या. माझे बाबा आन्सेल्मो रेल्वेच्या रूळदुरुस्तीवर, वर्षातले दहा महिने बाहेर. धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणजे आईबापांमागे मुलाला सांभाळायला बांधलेलं माणूस. आमच्याकडे ते एकच असतं, दोन नाहीत. बाकीच्यांना त्या दिवशी गव्हर्नर ठरवायचा होता. आईला ठरवायचं होतं, ती गेल्यावर मला कोण उचलून घेणार.

सकाळी मोठी काकू, डोन्या रामोन्सिता, मला पांढरा झगा घालायला खोलीत आली. आईने मला दिलं नाही.

"आण इकडे," काकू म्हणाली. "दहाला गव्हर्नरसाहेब येतील. पोरीच्या तोंडाला दूध लागलंय ते पूस."

"आधी पापांना बोलवा," आई म्हणाली.

"कशाला?"

"सांगते ना. बोलवा."

आजोबा आले. त्यांनी ठेवणीतला काळा कोट घातला होता. मागून उइत्को काका आले. दाराशी माझे बाबा उभे राहिले, जमिनीकडे बघत. भांडणात जमिनीकडे बघायचं ही बाबांची आयुष्यभराची भूमिका. ती त्यांनी फार निष्ठेने निभावली.

"पापा," आई म्हणाली, "मला हिची धर्ममाता तिआ पेरफेक्ता हवी."

काकू म्हणाली, "पेरफेक्ता? आपली?"

"आपली म्हणजे?" उइत्को काका म्हणाले. "ती कधीपासून आपली झाली? आपणच तर तिला कधी आपली म्हटलं नाही."

इथे तिआ पेरफेक्ताबद्दल, म्हणजे पेरफेक्ता आत्याबद्दल, सांगायला हवं. आम्हा मोंद्रागोनांनी हसण्यासारख्या गोष्टी पुष्कळ केल्या. ही मात्र सांगताना मला अजून लाज वाटते.

ती आजोबांची चुलत बहीण. मेक्सिकोच्या राज्यातल्या शेवटच्या दिवसांत जन्मली. कुळाचाराप्रमाणे त्या वेळचा गव्हर्नर तिचा धर्मपिता झाला आणि आठ महिन्यांनी दक्षिणेला निघून गेला. ती नऊ वर्षांची असताना देवीच्या साथीत तिचे आईबाप दोन दिवसांच्या अंतराने गेले. दुसरं कुठलंही घर असतं तर पोरीला पोटाशी धरलं असतं. पण आमच्या पणजोबांनी विचार केला, ही गव्हर्नराची धर्मकन्या, हिच्यावर पहिला हक्क त्याचा. त्यांनी त्याला अदबीने पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत पोरीला आपली म्हणणं म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाच्या हक्कावर हात टाकणं. तेव्हा तिला पाहुणी म्हणून ठेवून घेतलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र लिहिणं म्हणजे आठवण करून देणं, आणि ते शिष्टाचाराला धरून नव्हतं. ती चाळीस वर्षं पाहुणी राहिली. तिला पहिलं वाढत. तिच्या ताटात चांगला तुकडा असे. तिला कुणी कामाला लावलं नाही. ती आपण होऊन सगळं काम करी, आणि प्रत्येक वेळी "तुम्ही कशाला, राहू द्या" म्हणायची रीत होती. तिला कधी कुणी रागावलं नाही. पाहुण्याला कोण रागावतं?

"देल्फिना," आजोबा म्हणाले, "पेरफेक्ता देवमाणूस आहे. पण मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, पापा. मूल माझं आहे."

"मूल मोंद्रागोनांचं आहे."

"दूध माझं आहे."

"हे बघ," काकू मध्ये पडली, "धर्मपिता गव्हर्नर झाला तर पोरीचं भलंच होईल. आणि थोडं आमचंही झालं तर काय बिघडलं? कासिमिरोचं पोस्टाच्या जागेचं साहेबांनी जवळजवळ कबूल केलंय." कासिमिरो म्हणजे माझे थोरले काका. ते त्या वेळी बाहेर घोडागाडी पुसत होते, तिच्यातून गव्हर्नर येणार नव्हता तरीही.

"जवळजवळ," उइत्को काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा, भावजी."

"बसतो. पण माझा एक अनुभव आहे, तो सांगू की नको?"

"तुमचा अनुभव तुमच्या नावातच आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे."

आजोबांनी हात वर केला. "दहाला साहेब येतील. सव्वादहाला निघायचं. हा विषय संपला." ते गेले. बाबा जमिनीकडे बघतच त्यांच्यामागून गेले. आईने मला झग्यात गुंडाळलं, पण हातातून सोडलं नाही. उइत्को काका तेवढे मागे थांबले. नंतर ते मला सांगत, "तुझ्या आईची बाजू घेणारा मी पहिला." त्या दिवशी त्यांनी प्रत्यक्षात एवढंच केलं, की तिला पाण्याचा पेला दिला आणि तिच्या रुमालावर रक्त दिसलं तेव्हा खिडकीबाहेर बघितलं.

दहाला गव्हर्नर आले नाहीत. साडेदहाला त्यांचे चिटणीस आले. मिस्टर ओ'कीफ नावाचा लाल केसांचा तरुण होता. बर्फाच्या चिखलातून पायी आला होता. त्याची स्पॅनिश पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे तो सर्वांशी सरकारी जाहीरनाम्यासारखं बोले.

"माननीय गव्हर्नरमहोदय अत्यंत खेदपूर्वक कळवतात की ते उपस्थित राहू शकत नाहीत. त्यांच्या वतीने, प्रतिनिधी म्हणून, बाळास धारण करण्याचा अधिकार मला देण्यात आला आहे. मी कॅथलिक आहे."

आजोबांचा चेहरा उतरला आणि लगेच सावरला. प्रतिनिधीमार्फत धर्मपिता होता येतं हे त्यांना ठाऊक होतं. "हरकत नाही," ते म्हणाले. "साहेब परत कधी येणार?"

ओ'कीफने टोपी हातात फिरवली. "महोदय परत येणार नाहीत."

बैठकीत अंड्याच्या बलकाचा केक होता, चोकचेरीची दारू होती, आणि चौदा माणसं होती. काकू हातातली बशी घेऊन तशीच उभी राहिली.

"सोमवारी पत्र आलं," ओ'कीफ आता साध्या आवाजात बोलू लागला. "काल रात्रीच्या गाडीने त्यांच्या पेट्या गेल्या. नवे गव्हर्नर नाताळानंतर येतील, असं ऐकतो. मलाही नोकरी शोधायची आहे."

"आणि पोस्टाच्या जागेचं?" काकूने विचारलं.

"नवे साहेब आपली माणसं आणतील, सेन्योरा. तसंच असतं."

काकूने बशी ठेवली. पुढचं तिने मला वेगळं सांगितलंय, पण तिथे हजर असलेल्या सहा जणांच्या आठवणीत फरक नाही. ती वळली आणि म्हणाली, "मी पहिल्यापासून म्हणत होते, मुलीला घरचं माणूस हवं."

"पहिल्यापासून?" उइत्को काका म्हणाले.

"मनात. प्रत्येक गोष्ट बोलून दाखवायची मला सवय नाही."

तेवढ्यात घोडागाडी सोडून आलेले कासिमिरो काकाही घरच्या माणसाच्या बाजूचे झाले. वीस मिनिटांत आमच्या घरातून गव्हर्नरचा पक्ष नाहीसा झाला. स्पेनचा गेला तेव्हा याहून जास्त वेळ लागला होता. आजोबा तेवढे उरले.

"पडलेल्या माणसाला आपण दार लावत नाही," ते म्हणाले. "पत्र आहे. शब्द आहे. मिस्टर ओ'कीफ बाळाला घेतील."

"पापा," उइत्को काका हळू बोलले, "पडलेल्याला दार लावायचा प्रश्न नाही. यालाही आपणच पाडलंय. निदान पोरीवर तरी दया करा."

आजोबा आईच्या खोलीकडे निघाले. बाळ आणायला. एकटे.

इथून पुढचं आजोबांनी मला सांगितलं, मी सोळा वर्षांची असताना, सफरचंदं निवडताना. माझ्याकडे बघितलं नाही. आजोबांना लाज वाटली की ते हाताला काम देत.

आई उठून बसली होती. तिने विचारलं, "ते आले नाहीत ना?"

"चिटणीस आलाय. चालतं ते."

"पापा, एक विचारू? तुमचे गव्हर्नर आतापर्यंत आपल्या किती मुलांचे धर्मपिता झाले?"

"नऊ."

"त्यातल्या किती मुलांसाठी गव्हर्नर रात्री उठला?"

"असं नसतं ते, देल्फिना. हा मान असतो."

"मला मान नकोय. मी पुढच्या हिवाळ्यात नसेन."

"धूर आहे तो. जागा बदलली की—"

"पापा. माझ्या बहिणींनाही धूरच होता." मग ती म्हणाली, "तुम्ही मला लेकीसारखं वागवलंत. म्हणून विचारते. ही रडली की कोण उठेल? तो लाल केसांचा माणूस? काकू उठेल, पण तिची पाच आहेत. हे गावात नसतील. मला ज्या बाईबद्दल खात्री आहे, ती एकच आहे. परवा मला उबळ आली तेव्हा मी कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती, आणि ती दारात उभी होती."

आजोबा म्हणत, की तोवर आपण कधी खरं म्हणून त्या खोकल्याकडे बघितलंच नव्हतं. ते खाटेच्या कडेवर बसले. सासऱ्याने सुनेच्या खाटेवर बसायची पद्धत आमच्यात नाही. मग ते म्हणाले, "बोलावतो तिला."

तिआ पेरफेक्ता अंगणात मक्याचे दाणे धूत होती, पोसोलेच्या रश्शासाठी. तिला बोलावलं तेव्हा ती हात पुसत आली, आणि परवानगी घेऊन आत आली. तीही रीत होतीच. दारात काकू, काका, ओ'कीफ, सगळे गोळा झाले. आजोबांनी सांगितलं, देल्फिनाची इच्छा आहे, माझीही आहे, तू धर्ममाता हो.

तिच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते आईने पाहिलं. मग ते गेलं.

"नको," तिआ म्हणाली. "तुम्ही मोठ्या मनाने म्हणताय. पण ते शोभणार नाही. मी इथे पाहुणी आहे. परक्या माणसाच्या हाती घरचं मूल देऊ नये. उद्या मला बोलावणं आलं तर?"

कुणी हसलं नाही. उइत्को काकासुद्धा हसले नाहीत. तो गव्हर्नर जाऊन अर्धं शतक होत आलं होतं. तो मेला की जिवंत हेही कुणाला माहीत नव्हतं. खरं म्हणजे तिलाही बोलावण्याची आशा राहिली नव्हती. पण दुसरं काही म्हणायला तिला आम्ही शिकवलंच नव्हतं.

आजोबांचा आवाज एकदम चढला. "अक्कल आहे का तुला, पेरफेक्ता? कसलं बोलावणं? कोण बोलावणार आहे तुला? चाळीस वर्षं या घरची भांडी घासतेस, माझ्या चारही पोरांना तू चालायला शिकवलंस, आणि तोंड वर करून पाहुणी म्हणतेस? लाज नाही वाटत? हात धू आणि शाल घे. फादर खोळंबलेत. जा."

काकूने तोंडावर हात ठेवला. तिआ पेरफेक्ताला कुणी रागावल्याचं त्या घरात कुणीच कधी ऐकलं नव्हतं. आजोबांनाही काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं, आणि त्यांनी तोंड उघडलं माफी मागायला.

"बरं," तिआ म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "रागावू नका. जाते."

आणि तिने आत जाऊन शाल आणली. ती आणताना दारात थांबून परवानगी मागितली नाही.

चर्चमध्ये फार काही झालं नाही. गव्हर्नराचं पत्र आजोबांच्या खिशातच राहिलं. ओ'कीफला आता काही काम उरलं नव्हतं, म्हणून त्याच्या हातात मेणबत्ती दिली. ती त्याने इतकी मनापासून धरली की त्याच्या बाहीवर मेण सांडलं. मी गार पाण्याने किंचाळले. फादरांनी विचारलं, बाळाला कोण घेतंय, तेव्हा ती म्हणाली "मी", आणि मग इतक्या हळू आवाजात पुन्हा "मी" म्हणाली, की फादरांना वाटलं ती प्रार्थनाच करतेय.

परत आल्यावर आई दारापर्यंत आली. चाळीस दिवस झाले नव्हते, पण त्या दिवशी बऱ्याच गोष्टी पद्धत सोडून झाल्या होत्या. दारात धर्ममातेने म्हणायचं असतं, की हे बाळ तुमच्या घरातून नेलं, देवाच्या घरचं करून आणलं, आता तुमच्या हाती देते. चार ओळींचं बोलणं. तिआने ते शेकडो वेळा ऐकलं होतं, पाहुण्यांच्या रांगेत उभं राहून. तिला एक शब्द आठवेना.

"घे, देल्फिना," ती म्हणाली. "फारशी रडली नाही."

आईने मला घेतलं. छातीशी धरलं. खोकला येईल म्हणून तोंड बाजूला वळवलं, पण आला नाही. मग तिने सगळ्यांच्या देखत मला परत तिआच्या हातात ठेवलं.

"अगं, असं नसतं," काकू म्हणाली. "एकदा आईच्या हाती दिलं की दिलं."

"माहीत आहे," आई म्हणाली. "पण तिला आताच सवय होऊ दे. मला बघता येतंय तोवर."

काकू रडली, आणि तिने ते मला कधी नाकारलं नाही. बाबांनी पहिल्यांदाच जमिनीवरून नजर उचलली आणि आईकडे बघितलं.

आई मार्चमध्ये गेली. तिचा आवाज मला आठवत नाही. तिआ पेरफेक्ता त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगली. मोंद्रागोनांनी आपलं मूल आजवर ज्यांच्या हाती दिलं, त्यांच्यापैकी शहर सोडून न गेलेलं ते पहिलं माणूस.